एकेका मुलाची भाषा आणि शाळेची सुरक्षितता

शाळेतील शिक्षकांना व इतर सेवकवर्गाला सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावे, ही मागणी आता सर्वमान्य झाली आहे. प्रत्येक मुलाकडे स्वतंत्र लक्ष देऊन त्याला शिकवावे, ही मागणी तर त्याहूनही जुनी. पहिलीचा विचार प्रशासक करतात, दुसरीचा शिक्षणशास्त्रज्ञ. भाषासाहित्याच्या अभ्यासकांचा या दोहोंशी काही संबंध असेल, असे सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत याहून वेगळे आहे. या दोन्ही मागण्या मुलाच्या भाषेपाशी येऊन एकमेकींस मिळतात, आणि आपल्यासारख्यांचे काम तेथूनच सुरू होते.

तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागली. स्वयंपाकघरात पेटलेला विस्तव झावळ्यांच्या छपरातून वर्गांत पसरला आणि ९४ मुले मरण पावली. या दुर्घटनेतून उद्भवलेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निर्णय दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, हे त्यात स्पष्ट झाले. इमारती, अग्निशामक साधने यांबरोबरच शिक्षक व इतर कर्मचारी यांना साधने हाताळण्याचे आणि मुलांना बाहेर काढण्याचे प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात सांगितले आहे. हा निर्णय मोलाचा आहे. तथापि प्रशिक्षण म्हणजे केवळ नळकांडे चालविण्याची कवाईत नव्हे. आज वर्गात कोण आले नाही, कोणास जिना उतरताना हात द्यावा लागतो, कोणास प्रमाणभाषेतली आज्ञा कळत नाही, हे ज्यास ठाऊक आहे तोच धुरात मुलांना बाहेर काढू शकेल. भेदरलेले मूल आज्ञेपेक्षा ओळखीच्या आवाजाकडे धावते. आणि ओळख आपत्तीच्या दिवशी करून घेता येत नाही.

दुसरा धोका आगीसारखा दिसत नाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. त्याखालील २०२० च्या नियमांनी शाळांसह मुलांच्या नित्य संपर्कात येणाऱ्या संस्थांवर कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीची आणि ठरावीक काळाने प्रशिक्षणाची जबाबदारी टाकली. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. ते उघडकीस आले, कारण घरात कोणीतरी ऐकणारे होते. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने शाळांना कॅमेरे, तक्रारपेटी, समित्या यांविषयी आदेश दिले. आदेशांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु ज्या बालवर्गातील मुलीस अजून अक्षर गिरवता येत नाही, तिने तक्रारपेटीत काय टाकावे? तिची तक्रार चिठ्ठीवर नसते. ती पोटात दुखते म्हणून सांगण्यात असते, एखाद्या माणसाचे नाव टाळण्यात असते, एकाएकी गप्प होण्यात असते. ही भाषा वाचण्यासाठी मुलीचा रोजचा सूर ठाऊक असावा लागतो. नेहमी बोलणारे मूल गप्प झाले हे, ते नेहमी बोलते हे जाणणाऱ्यालाच कळते.

येथेच व्यक्तिगत अध्यापनाचा प्रश्न येतो. व्यक्तिगत म्हटले की आपणांस घरी येणारे मास्तर किंवा संध्याकाळचे क्लास आठवतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा मात्र निराळी दिशा दाखवितो. कलम २८ ने शिक्षकास खासगी शिकवणीची मनाई आहे. आणि कलम २४ ने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखून गरजेप्रमाणे जादा शिकविणे हे त्याचेच कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे स्वतंत्र लक्ष ही विकत घ्यावयाची वस्तू राहिली नाही, ती शाळेनेच द्यावयाची आहे. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण आणि भयमुक्त होऊन मोकळेपणाने बोलू शकणारे मूल, या दोन गोष्टी लागोपाठ आल्या आहेत. हा शेजार आपण गंभीरपणे घ्यावा. भय जाण्यासाठी भयाला नाव देता यावे लागते, आणि ते नाव बहुधा घरच्या बोलीतच असते.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकास हे नवे नाही. ‘जीवनस्मृति’ (१९१२) मध्ये रवींद्रनाथांनी आपल्या गृहशिक्षणाची हकीकत सांगितली आहे. मुसळधार पाऊस पडत असता आज मास्तर येणार नाहीत या आशेने मुलगा गल्लीच्या वळणाकडे डोळे लावून बसतो, आणि नेमकी तीच काळी छत्री तेथे उगवते. मास्तर एका घरच्या मुलांसाठी येतात, शिकवणी व्यक्तिगतच आहे. पण त्या मुलाच्या मनाशी तिची गाठ पडलेली नाही. उलट गिजुभाई बधेका यांच्या गुजराती ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकापुढे भरलेला वर्ग आहे. पहिल्या दिवशी शांततेचा प्रयोग फसतो, मग तो गोष्ट सांगू लागतो आणि मुले त्याची होतात. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले व १९५७ साली ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात गेली. मुलाच्या जागी जाणे म्हणजे मुलाच्या बोलीतही जाणे. व्यक्तिगत अध्यापनाचे मर्म एकास एक या हिशेबात नाही, ते या जाण्यात आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. ज्या जवळिकीचा पुरस्कार येथे केला आहे, तीच धोक्याची जागा आहे. एकटे मूल आणि एकटा प्रौढ यांना बंद दाराआड बसविणे हेच टाळावयाचे आहे. आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून अनेक शाळा जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा आहे. मुलाशी बोलू नका, जवळ घेऊ नका, काही झाले तर कार्यालयात कळवा, एवढ्यावर प्रशिक्षण संपले तर शाळा सुरक्षित होत नाही, मुकी होते. बंदोबस्त जवळिकीचा करावयाचा नाही, गुप्ततेचा करावयाचा आहे. जादा शिकवणी वर्दळीच्या ओसरीवर, दार उघडे ठेवून व्हावी; तिची वेळ नोंदलेली आणि पालकांस माहीत असावी. कोणत्याही प्रौढाने मुलाला गुपित राखण्यास सांगू नये, हा नियम शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांस सारखा असावा. मूल काही सांगू लागले तर उलटतपासणी न करता ऐकावे, त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे आणि विनाविलंब पोलिसांस कळवावे. मुलाचे निवेदन त्याने उच्चारले तसेच नोंदवावे, भाषा कळत नसेल तर दुभाषा द्यावा, असे २०१२ च्या कायद्यातच म्हटले आहे. संगणकावरील शिकवणीही आज व्यक्तिगत म्हणविली जाते. मुलाचे उत्तर चुकले की ती सोपा प्रश्न पुढे करते. ते आज का चुकले, हे विचारावयास मात्र माणूसच लागतो.

आता आपल्या कामाविषयी. बालकास शरीराच्या अवयवांसाठी, नकोशा स्पर्शासाठी, धाकासाठी आपल्या घरी कोणते शब्द असतात? सभ्य प्रमाणभाषेने यांतील कित्येक शब्द एक तर गाळले आहेत, किंवा त्यांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द बसविले आहेत. मुलाने उच्चारलेला शब्द शिक्षकास अश्लील वाटला की तो आधी जिभेला शिक्षा करतो, आणि सांगणे तेथेच थांबते. वारली, गोंडी, भिली बोलणाऱ्या, किंवा आईबापांच्या कामामागे दर वर्षी गाव आणि शाळा बदलणाऱ्या मुलांची अडचण याहून बिकट आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या भारतीय भाषा विभागांत अनेक भाषांचे अध्यापक व विद्यार्थी एका छताखाली बसतात. आपण कोश रचतो, बोलींचे नमुने गोळा करतो. मग लहान मुलांची दुखण्याची, भयाची आणि नकाराची शब्दावली बोलीबोलींतून, मातांकडून आणि अंगणवाडीसेविकांकडून जमवून ती शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांच्या हाती देणे हे आपले काम का नसावे? त्यास मोठा निधी लागणार नाही. लागेल ती अशा शब्दांविषयीची आपली अढी सोडण्याची तयारी.

आग विझविण्याचे नळकांडे वर्षातून एकदा तपासले जाते. मुलाचे बोलणे कळते की नाही, याची तपासणी रोज व्हावयास हवी. आणि ज्या शब्दांवाचून ती होऊ शकत नाही, ते शिक्षकापर्यंत पोहोचविण्यात भाषेच्या अभ्यासकांनी यापुढे उशीर करू नये.