आधी पारख, मग प्रयोग

चांद्रयान-३ सोबत 'इल्सा' नावाचे एक उपकरण चंद्रावर गेले होते. चंद्रभूमीची कंपने टिपणे हे त्याचे काम. 'इस्रो'च्या बंगळुरू येथील प्रयोगशाळेत घडलेल्या या उपकरणात सिलिकॉनपासून कोरलेले सहा सूक्ष्म त्वरणमापक होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी 'विक्रम' चंद्रावर उतरले आणि दोनच दिवसांनी 'इल्सा'ने 'प्रज्ञान' गाडीच्या चालण्याने होणारी थरथर नोंदवली. त्याच जातीचा, अर्थात पुष्कळ कमी संवेदनशील असा त्वरणमापक आज साध्या स्मार्टफोनमध्येही असतो. दिवसभर काम करून शिकणाऱ्या आणि प्रयोगशाळेची पायरी क्वचितच चढणाऱ्या विद्यार्थ्याला ही केवढी सोय आहे!

म्हणूनच भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत त्याचा उपयोग मोकळेपणाने व्हावा, असे माझे मत आहे. मात्र पहिला संपूर्ण तास तो संवेदक पारखण्यासाठीच राखून ठेवावा.

यावर शिक्षक म्हणतील, 'तास मोजकेच मिळतात. तपासलेले साधन हाती दिले म्हणजे झाले.' वेळेची ही अडचण खरी आहे. परंतु अशा तयार साधनाने मिळालेला आकडा विद्यार्थी केवळ विश्वासाने वहीत उतरवतो. विज्ञानाच्या तासाला तरी असा विश्वास मला अपुरा वाटतो.

पारख करायला खर्च नाही. जर्मनीतील आखेन विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे अ‍ॅप मोफत मिळते. ते फोनमध्ये घेऊन गुरुत्वासह त्वरण दाखवणारा प्रयोग उघडावा आणि फोन सपाट मेजावर उताणा ठेवावा. उभ्या अक्षावर सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण दिसते. फोन तर स्तब्ध आहे. मग हे त्वरण कोठून आले? या प्रश्नावर वर्ग अडला, तर शिक्षकाने उत्तराची घाई करू नये. संवेदकाच्या आत सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांनी तोललेले एक अतिसूक्ष्म वस्तुमान असते. ते किती सरकले, एवढेच संवेदकाला कळते. मेजावर ठेवलेल्या फोनमध्येही स्प्रिंगा त्या वस्तुमानाचा भार पेलत असतात, म्हणून आकडा येतो. आता फोन मीटरभर उंचीवरून जाड गादीवर सोडावा. (फोन स्वतःचाच असावा, हे सांगायला नको.) गादीवर पोहोचायला त्याला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात स्प्रिंगांवर भार उरत नाही आणि आलेख शून्याजवळ उतरतो. गुरुत्वाकर्षणाने वेगाने खाली येणारी वस्तू आणि आकडा मात्र शून्य! हा विरोधाभास एकदा डोळ्यांनी पाहिला की तो पाठ करावा लागत नाही.

उरली संवेदकाची चूक मोजण्याची रीत. फोन उताणा ठेवून आलेला आकडा १०.० आणि पालथा ठेवून आलेला उणे ९.६ आहे, असे समजू. दोहोंची बेरीज ०.४, तिचे निम्मे ०.२, हा संवेदकाचा शून्यदोष. वजाबाकीचे निम्मे ९.८, म्हणजे मोजपट्टी ठीक आहे. उरलेल्या दोन अक्षांसाठी फोन कडांवर उभा करून हेच करावे. तापमान बदलले की शून्यदोषही थोडा सरकतो. यासाठी प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या आरंभी ही तपासणी पुन्हा करून, तारखेसह तिचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत आणि परीक्षकांनी त्या पानालाही गुण द्यावेत.