बांधीतले दुसरे पीक

भंडाऱ्याहून वरठीमार्गे तुमसरकडे निघाले की मोहाडी तालुका लागतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा. येथील माणसाचे पंचांगच पऱ्हे, रोवणा, कापणी आणि चुरणा यांवर चालते. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा जिल्ह्यात आनंद झाला आणि तो यथोचितच होता. मात्र ज्या बांधीत धान पिकतो, त्याच बांधीत धानामागून येणारे आणि धानाच्या जमिनीला पोसणारे दुसरे एक पीक आहे. त्याला मानांकन तर सोडाच, कायद्याने जवळजवळ अर्धशतक गुन्हेगार ठरवले होते. ते पीक म्हणजे लाखोरी. नागपूरकडे तिला लाखोळी म्हणतात, छत्तीसगडात तिवडा आणि उत्तरेत खेसारी.

लाखोरीची शेती ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगताना थोडे विस्ताराने सांगावे लागते. धान पिवळा पडू लागला, बांधीतले पाणी उतरले, पण चिखल अद्याप वाळला नाही, अशा वेळी कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी शेतकरी उभ्या धानात लाखोरीचे बी फेकतो. यालाच उतेरा म्हणतात. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, पाणी देणे नाही. धानाच्या सावलीत बी रुजते. कापणीच्या वेळी रोपे बोट-दोन बोटे उंच झालेली असतात. विळ्याने धान कापला जातो, पेंढ्या उचलल्या जातात आणि मोकळ्या झालेल्या बांधीत लाखोरीला एकदम ऊन लाभते. पुढे सारा हिवाळा ती मातीत उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाढते. सुरुवातीला पाणी साचले तरी तग धरते, शेवटी भेगा पडल्या तरी तग धरते. असा दुहेरी काटकपणा दुसऱ्या कोणत्याही कडधान्यात क्वचितच आढळतो. कोवळे शेंडे खुडले की भाजी होते आणि खुडल्याने झाडाला उलट जास्त फांद्या फुटतात. ही भाजी वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायची रीत घरोघरी होती. दाण्याची डाळ, डाळीचे वडे, पिठाचा झुणका माणसांसाठी आणि कुटार गुरांसाठी. मुळांवरील गाठींतून हवेतला नत्र जमिनीत उतरतो तो वेगळाच, त्याचा लाभ पुढच्या रोवण्याला.

या रचनेत तलावही आलाच. पूर्व विदर्भातील हजारो मालगुजारी तलावांनी ऑक्टोबरमधले धानाचे शेवटचे पाणी पुरवले आणि त्याच ओलीवर उतेरा उगवला. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाचे झाले. पाळीची डागडुजी व गाळाची काळजी मात्र कोणाचीच राहिली नाही. तलाव उथळ झाले तशी बांधीची ओलही लवकर सरू लागली. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आता आरोपाकडे वळू. लाखोरीच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच ते वेगळे करून दाखवले. हे धान्य महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून पोटात गेले, तर कमरेखालचे स्नायू आखडतात, पाय लुळे पडतात आणि आलेले पंगुत्व परत जात नाही. हे खोटे नाही आणि परंपरेच्या अभिमानापायी ते झाकून ठेवणे हा परंपरेशीच द्रोह होईल. आपल्याकडे काही मंडळी जुने ते सर्व अमृत मानतात, काही जुने ते सर्व विष मानतात. दोघांनाही तपासण्याचे कष्ट नको असतात.

तपासू गेल्यास काय दिसते? सागर प्रांतात असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याने आपल्या १८४४ च्या प्रवासग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. १८२९ मध्ये गव्हाचे पीक गारपिटीने गेले, १८३० मध्ये पाऊस अपुरा पडला, १८३१ मध्ये रोगाने पीक खाल्ले. तिन्ही वर्षे तगला तो एकटा तिवडा, आणि लोकांनी तोच खाल्ला. त्यानंतर गावागावांतील तरुण माणसे पायांनी अधू झाली. म्हणजे अधूपण आले ते दुसरे काहीच उरले नाही म्हणून. पुढे रीवा-सतना भागात शेतमालक आपल्या बांधलेल्या मजुराला मजुरी म्हणून हेच धान्य देत. मालकाच्या ताटात गहू-तांदूळ आणि मजुराच्या ताटात दोन्ही वेळा खेसारी! रोगही अर्थातच मजुराच्याच घरी गेला. हिंदू समाजातील ही विषमता आपण उघड्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे, कारण पंगू झालेला तो मजूर आपलाच बांधव होता. स्पेनचा चित्रकार गोया याने माद्रिदच्या १८११-१२ मधील दुष्काळाचे जे चित्र काढले, त्यात या धान्याच्या लापशीसाठी जमलेले भुकेले लोक आहेत आणि त्यांच्यासमोर जमिनीवर पडलेली एक पांगळी स्त्री आहे. १९४२-४३ मध्ये युक्रेनमधील वाप्निआर्का येथील छळछावणीत ज्यू बंदिवानांना मुद्दाम हेच धान्य खाऊ घातले गेले आणि शेकडो माणसे अधू झाली. त्यांच्यातीलच एक बंदिवान डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. देश वेगळे, काळ वेगळा. पण प्रत्येक ठिकाणी दुष्काळ, वेठ किंवा तुरुंग यांपैकी काहीतरी आहेच.

मोहाडीच्या घरात लाखोरी खाल्ली जाते ती अशी नव्हे. येथे भात हे मुख्य अन्न. डाळ त्याच्या जोडीला, तीही कधी तुरीची, कधी उडदाची, कधी लाखोरीची. डाळ भिजवून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिल्यास विषद्रव्याचा मोठा अंश निघून जातो, असे आजचे आहारशास्त्र सांगते. सारा अंश जात नाही, म्हणून रोजच्या रोज आणि एकट्या लाखोरीवर कोणी राहू नये, हे स्पष्टपणे लिहिलेले बरे.

१९६१ साली केंद्राने अन्नभेसळीच्या नियमांत लाखोरीच्या विक्रीला मनाई करणारी तरतूद आणली. ज्या राज्याने अधिसूचना काढावी तेथे ती लागू व्हावी, अशी तिची घडण होती, आणि महाराष्ट्राने ती लागू केली. गंमत अशी की पेरण्यावर बंदी नव्हती, खाण्यावर नव्हती, फक्त विकण्यावर होती. परिणामी शेतकरी पेरत राहिला, घरी खात राहिला. आणि विकायला नेलेला माल मात्र चोरवाटेने, मातीमोलाने जाऊन तुरीच्या डाळीत व बेसनात मिसळला गेला. ज्या भेसळीच्या भयाने बंदी आली, तिलाच बंदीने बाजार मिळवून दिला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली, उपोषणे केली, आणि २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने बंदी उठवली. पुढे २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी विषद्रव्याच्या तीन वाणांना अनुकूल मत दिले. हे वाण उपयुक्त आहेतच. तथापि शेजारच्या बांधीतील जुन्या वाणाचा पराग मधमाशीने आणला की पुढच्या पिढीचे बी शुद्ध राहत नाही आणि कोरड्या वर्षी विषद्रव्याचे प्रमाणही वाढते. बियाण्याच्या पिशवीने आहारातील विवेकाची जबाबदारी संपत नाही, एवढाच याचा अर्थ.

बंदी गेली, तरी लाखोरी परतली का? खरा प्रश्न येथे आहे. कायद्याने जे साधले नाही ते आता यंत्र आणि बाजार साधत आहेत. धान कापायला हार्वेस्टर येतो. त्याला कोरडी, टणक बांधी लागते आणि उतेऱ्याला ओली. तरीही कोणी बी फेकलेच, तर बोटभर रोपांवरून यंत्राची चाके फिरतात. मजूर मिळत नाहीत, म्हणून यंत्र आणणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आपणास नाही. दुसरीकडे बावनथडी प्रकल्पाचे पाणी व विहिरींवरील पंप यांच्या बळावर उन्हाळी धान आला. धानामागून पुन्हा धान, आणि मधल्या काळात बांधीला विसावा नाही, कडधान्य नाही, नत्र पोत्यातून. धानाला आधारभूत किंमत आहे, खरेदी केंद्र आहे, वेळोवेळी शासनाचा बोनस आहे. केंद्र ज्या पिकांना आधारभूत किंमत जाहीर करते, त्या यादीत लाखोरीचे नाव नाही. शेतकऱ्याने हिशेब केला आणि धान निवडला. त्याचा हिशेब चुकलेला नाही, आपण मांडलेला हिशेब चुकलेला आहे. परदेशातून लक्षावधी टन कडधान्य आणणाऱ्या देशाने, नांगरटीविना व पाण्याविना येणारे कडधान्य आपल्याच बांधीतून हद्दपार होऊ द्यावे, याला धोरण तरी कसे म्हणावे?

आणखी एक कारण आहे. आपल्या वर्तुळात ते बोलायला जीभ अडखळते, म्हणून ते येथे लिहितो. धान कापला गेला की गावची गुरे मोकाट सुटतात. पूर्वी गावाचा गुराखी असे, त्याचे मानधन धान्यात ठरलेले असे आणि लाखोरी निघेपर्यंत गुरे कोणत्या अंगाला चारायची याची शिस्त असे. गुराखी गेला, शिस्त गेली. आज एकट्यादुकट्याने उतेरा टाकला तर रात्रीतून बांधी साफ होते. मग शेतकरी म्हणतो, कशाला टाकू? गोवंशाच्या रक्षणाच्या घोषणा देणारे आपण, आणि दूध आटताच गाय रस्त्यावर सोडणारेही पुष्कळदा आपल्यातलेच. गाय दावणीला बांधणे, तिला कुटार घालणे, तिचे शेण खताच्या खड्ड्यात जाणे आणि बांधीत लाखोरी वाढणे ही एकाच व्यवस्थेची चार टोके आहेत. एक सुटले की उरलेली तीनही सैल होतात.

दत्तोपंत ठेंगडी हे वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. १९७९ मध्ये त्यांनी भारतीय किसान संघ उभा केला. शेतकऱ्याचा प्रश्न केवळ भावाचा नाही आणि केवळ भावनेचाही नाही, हे भान त्या कार्यामागे होते. लाखोरीबाबतही दोन्ही अंगांनी काम व्हायला हवे. शासनाकडे मागणी अशी की, कमी विषद्रव्याच्या वाणांचे बियाणे भंडारा-गोंदियात वेळेवर मिळावे, दर तीन-चार वर्षांनी बदलून मिळावे आणि बाजारात येणाऱ्या डाळीची तपासणी जिल्ह्यातच व्हावी. डाळ स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पाकिटात, कशी शिजवावी व किती खावी हे छापून विकली गेली तर बेसनात लपण्याची तिला गरज राहणार नाही. २०२१ च्या वर्षप्रतिपदेला आरंभ झालेल्या भूमी सुपोषण अभियानात मृत्तिकेचे पूजन गावोगाव झाले. धानाच्या पट्ट्यात त्या पूजनाला उतेऱ्याची जोड द्यायला हरकत काय?

गावाकडे मागणी निराळी. गुराखी पुन्हा ठेवायचा तर दसऱ्यापूर्वी ग्रामसभेत त्याचे मानधन ठरले पाहिजे, कारण त्यानंतर लगेच बी फेकण्याचे दिवस येतात. एका शेतकऱ्याने नव्हे, एका शिवारातील सलग बांध्यांच्या सर्व मालकांनी मिळून उतेरा टाकला पाहिजे आणि त्या पट्ट्यापुरती कापणी विळ्याने, एकमेकांच्या शेतात आलटून-पालटून, केली पाहिजे. हे तालुकाभर होणार नाही. पाच-पन्नास एकरांत होऊ शकेल. शाखेत नियमित येणारी शेतकरी कुटुंबे मोहाडी तालुक्यातही असतील. दसऱ्याला अजून अवधी आहे, आणि जुने बी ज्यांच्या घरी मडक्यात राखेत घालून ठेवलेले असते अशा म्हाताऱ्या बाया अजून गावात आहेत. त्यांच्याकडे आधी जावे.