इन्व्हर्टर आला, अर्थिंग कुठे आहे?



चिखली तालुक्यातल्या गावांत इन्व्हर्टर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली. पण त्यानंतरच्या काही वर्षांत खेड्यातले भारनियमन दहा-बारा तासांवर गेले, आणि ज्यांना जमले त्यांनी घरात बॅटऱ्या आणल्या. आता छतावर सौर पॅनेलही येत आहेत. विजेची वाट पाहून थकलेल्या शेतकऱ्याने आपली सोय आपणच केली, याचा आम्हाला आनंद आहे. पण ही सोय जोडताना जिवावर बेतणारी एक चूक होते, आणि आपल्या सभांत तिच्याविषयी कुणी बोलत नाही.

चूक अशी. इन्व्हर्टरवरच्या लाइट-पंख्यांसाठी वेगळा छोटा बोर्ड बसवतात. त्यात न्यूट्रलची तार आणि अर्थिंगची तार एकाच पट्टीवर आवळून टाकतात. विचारले तर उत्तर मिळते, "दोन्ही शेवटी जमिनीतच जातात ना?" कुणी मोबाइलवरच्या परदेशी चित्रफितीचा दाखला देतो. अमेरिकेत घराच्या मुख्य बोर्डात या दोन तारा एका जागी जोडतात, हे खरे. पण पुढच्या पोटबोर्डात तिथेही जोडत नाहीत. आपल्याकडे ही जोडणी डीपीजवळ केलेली असते. घरात आपण ती करायचीच नाही.

कारण दोघींची कामे वेगळी आहेत. न्यूट्रल ही करंटची रोजची परतीची वाट. अर्थिंग ही संकटातली वाट, एरवी ती रिकामीच असली पाहिजे. दोन्ही एक केल्या की रोजचा करंट अर्थिंगच्या तारेतूनही वाहू लागतो. आणि खांबावर न्यूट्रल तुटला, तर चालू दिव्या-पंख्यातून आलेला फेज थेट कूलरच्या पत्र्यावर, फ्रिजच्या दारावर, मोटरीच्या अंगावर येतो. म्हणजे जीव वाचवण्यासाठी ओढलेली तारच घरभर शॉक वाटत फिरते.

"आमचे अर्थिंग पक्के आहे," असे म्हणणाऱ्यांना आम्ही मातीची गोष्ट सांगू, कारण आमचे शिक्षण मातीचेच आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ओल गेली की माती करंट नीट घेत नाही, आणि आकसलेली माती अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते. म्हणजे ऐन कूलरच्या दिवसांत अर्थिंग सर्वांत कमजोर असते. त्याचा विरोध १०० ओहम झाला असे धरा. २३० व्होल्टचा फेज पत्र्याला लागला तरी त्यातून जेमतेम २.३ अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. पत्रा तसाच जिवंत राहील.

यावर उपाय आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती काट्यावर तोलते. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की क्षणात लाइन तोडते. अर्थिंग थोडे कमजोर असले तरी ती काम करते. पण इन्व्हर्टरच्या बोर्डाचा न्यूट्रल मुख्य बोर्डाच्या न्यूट्रलमध्ये कुठेही मिसळला, तर तिचा तोल चुकतो आणि ती विनाकारण पडते. मग घरधनी वैतागून म्हणतो, "काढून टाका ती कटकट." कटकट आरसीसीबीची नसते, मिसळलेल्या तारांची असते.

तेव्हा घरी जाऊन एवढे करून घ्या:

१. इन्व्हर्टरच्या बोर्डात न्यूट्रलची पट्टी वेगळी, अर्थिंगची पट्टी वेगळी. बोर्डात दोन्ही जोडू नका. त्या बोर्डावरच्या प्रत्येक दिव्या-पंख्याचा न्यूट्रल त्याच बोर्डात परत आला पाहिजे.

२. हिरवी तार बोर्डापासून थेट घराच्या अर्थिंगपर्यंत अखंड न्या. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नियमित पाणी घाला.

३. या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा आणि तिचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. लाइन गेलेली असतानाही दाबून पाहा. एका क्विंटल सोयाबीनच्या पैशांत हे काम होते.

४. काही सौर इन्व्हर्टरांत लाइन गेल्यावर न्यूट्रल आणि अर्थ जोडण्याची व्यवस्था आतच असते. तिथे पुस्तिका वाचूनच काम करून घ्या, हाताने दुसरी जोडणी नको.

५. इन्व्हर्टरची वीज उलटी लाइनवर जाता कामा नये. खांबावर चढलेला लाइनमनही कुणाच्या तरी घरचा कर्ता आहे.

आता दुसरी बाजू. डीपीवरचा न्यूट्रल दोन स्वतंत्र ठिकाणी जमिनीशी जोडलेला असावा, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून बंधनकारक आहे. हे काम वीज पुरवणाऱ्याचे आहे. तो जोड गंजलेला असेल, तर आपण घरात कितीही नीट तारा ओढल्या तरी धोका राहतोच. आणि कनेक्शनच्या वेळचा टेस्ट रिपोर्ट जागेवर न येताच सही होऊन मिळत असेल, तर तो कागद कुणाचाही जीव वाचवत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, हे काम वायरमनचे, संघटनेचे नाही. आम्हाला हे मान्य नाही. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरणारा शेतकरी घरात कूलरला हात लावून मरत असेल, तर तो त्याचा खासगी प्रश्न राहत नाही. जिल्हा बैठकीत आमचा ठराव असा असेल: दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक डीपीच्या अर्थिंगचे मोजमाप व्हावे आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. ठराव मांडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरचा बोर्ड जाणकाराकडून उघडून पाहावा. स्वतःच्या घरातला हिशेब चोख असला, की दुसऱ्याकडे हिशेब मागताना आवाज खणखणीत निघतो.