पाजणे आणि भिजत घालणे

इंग्रजीतील ‘सोक’ आणि ‘ड्रेंच’ या दोन क्रियापदांसाठी मराठीत सरसकट ‘भिजवणे’ हा एकच प्रतिशब्द वापरला जातो, आणि पावसात सापडलेल्या माणसाबद्दल दोन्ही शब्द चालत असल्यामुळे त्यात काही बिघडते असे वरवर वाटतही नाही. वाल भिजत घालायचे असले की मात्र ‘सोक’च लागते. पाण्यात पडलेल्या वालाची साल आधी सुरकुतते, मग आतला दाणा तासागणिक पाणी ओढून घेत फुगतो आणि सुरकुत्या मावळतात. ही क्रिया वेळ घेते आणि तिच्यात खरे काम पाणी शोषणारा दाणाच करतो. ‘सोक’चे मूळ शोषण्याचा अर्थ असलेल्या ‘सक’ या क्रियापदाशी जोडलेले आहे, आणि म्हणूनच ते अकर्मकही चालते, म्हणजे वाल ‘भिजतात’ आणि वाल ‘भिजवतात’ या दोन्ही अर्थांना इंग्रजीला तो एकच शब्द पुरतो.

‘ड्रेंच’चे घराणे वेगळे आहे. ‘ड्रिंक’ म्हणजे पिणे, आणि जुन्या इंग्रजीतील त्याच्या प्रयोजक रूपातून, म्हणजे क्रिया दुसऱ्याकडून करवून घेतल्याचे दाखवणाऱ्या रूपातून, ‘ड्रेंच’ आले. मराठीत ‘पिणे’वरून ‘पाजणे’ होते, तीच ही जोडी. मेंढीचे तोंड उघडून घशात औषध ओतण्याला इंग्रजीत आजही ‘ड्रेंच’च म्हणतात, आणि नखशिखान्त चिंब करणे हा अर्थ त्या मानाने बराच नंतरचा आहे. येथे जोर ओतणाऱ्यावर आणि ओतलेल्या द्रवाच्या भरपूरपणावर असतो, त्यामुळे हे क्रियापद सकर्मकच राहते. वाल रात्रभर ‘ड्रेंच’ होत पडले, असे इंग्रज म्हणत नाही.

हा भेद मराठीला परका नाही, हे कोशकारांनी आणि त्याहून अधिक पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवे. आल्याचे किंवा हळदीचे बेणे लागवडीपूर्वी औषधाच्या द्रावणात ठरावीक वेळ बुडवून ठेवणे ही बेणेप्रक्रिया झाली, तर तेच द्रावण उभ्या पिकाच्या बुंध्याशी, मुळांपर्यंत पोचेल असे ओतणे म्हणजे ‘ड्रेंचिंग’, आणि त्यासाठी महाराष्ट्रातील शेतकऱ्याकडे ‘आळवणी’ हा नेमका, वापरातला शब्द आहे. औषधाच्या माहितीपत्रकात दोन्ही ठिकाणी ‘भिजवावे’ एवढेच छापले, तर औषध बेण्याला द्यायचे की उभ्या पिकाला, हे वाचणाऱ्याला दुकानदाराला विचारावे लागते.