प्रवेशाची पैसेवारी

भाताच्या पिकाचा अंदाज कसा बांधावा हे पेण-रोह्याच्या शेतकऱ्यास कोणी शिकविण्याची गरज नाही. खारेपाटातील बांधावर उभे राहून, लोंबीवर एक नजर टाकून खंडीचा हिशेब सांगणारे वृद्ध आजही गावोगाव भेटतात. परंतु आपल्या मुलाला वा मुलीला दापोलीच्या कृषि विद्यापीठात पदवीची जागा मिळेल किंवा नाही हे ठरवावयाचे झाले, की हाच जाणता गृहस्थ शेजाऱ्याच्या शब्दावर किंवा शिकवणी वर्गाच्या फलकावर विसंबून राहतो. आमच्या मते ही चूक किरकोळ नव्हे. अंदाज उणा धरला तर फेऱ्या संपण्याआधीच घाबरून खाजगी महाविद्यालयाची मोठी फी भरली जाते, आणि प्रसंगी त्यासाठी दोन गुंठे विकले जातात. अंदाज अधिक धरला तर दुसरी सोयच केलेली नसते, आणि वर्ष फुकट जाते.

पिकाच्या अंदाजाचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. पूर्वी आणेवारी नजरेने ठरत असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. अधिकाऱ्याने शिवार पाहावे आणि आकडा लिहावा. त्यात पाहणाराची मर्जी, शेतकऱ्याची गरज आणि रस्त्यालगतची शेते यांचाच प्रभाव पडे. १९४० च्या दशकात विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक पद्धतीने पीक कापणी प्रयोग करण्याची रीत आपल्या देशात रुजविली. कोणत्या शेतातील कोणता तुकडा कापावयाचा हे तीत माणसाची नजर ठरवीत नाही. ते आकड्यांच्या तक्त्यावरून ठरते. चांगला तुकडा निवडण्याचा मोह जेथे टाळला जातो, तेथेच अंदाज खरा येतो. या दोघांनी शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला.

आता शिकवणी वर्गाच्या फलकाकडे पाहावे. त्यावर दहा हसरे चेहरे असतात. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचे चेहरे नसतात. हे रस्त्यालगतचे शेत झाले. रोह्यात चिंतामणराव देशमुखांचे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. परंतु एका चिंतामणरावांवरून रोह्याच्या सर्व मुलांचे भाकीत करणे म्हणजे एका कणसावरून साऱ्या शिवाराचे उत्पन्न काढणे होय.

विद्यार्थ्याचे स्वतःचे गुणही याच दृष्टीने मोजावेत. घड्याळ लावून, मध्येच न उठता, पूर्ण सराव परीक्षा द्यावी. अशा आठ-दहा परीक्षांचे सर्व गुण वहीत लिहावेत आणि मधला आकडा धरावा. एखाद्या दिवशी मिळालेला सर्वांत मोठा आकडा घरी कौतुकासाठी ठीक आहे, अंदाजासाठी नाही. 'त्या दिवशी ताप होता' म्हणून एक परीक्षा वगळली, की दुसरीही वगळण्यास कारण सापडते.

राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या निकालात पर्सेंटाईल दिलेले असते. त्यास पुष्कळ पालक टक्के समजतात. ते टक्के नव्हेत. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. आपल्या सत्रातील शंभरांपैकी किती जण आपल्या बरोबरीचे वा मागे आहेत, एवढेच ते सांगते. समजा, तीन लाख विद्यार्थी बसले. तर नव्वद पर्सेंटाईल मिळविणाऱ्याच्या पुढे सुमारे तीस हजार जण असतात. नव्वद ऐकून पेढे वाटण्यापूर्वी हा गुणाकार करावा. गणित गट व जीवशास्त्र गट यांचे पर्सेंटाईलही वेगवेगळे काढले जाते.

यानंतर मागील तीन वर्षांचे कट-ऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेशिताचे आकडे पाहावेत. ते आपल्याच शाखेचे, आपल्याच प्रवर्गाचे आणि त्याच फेरीचे असावेत. मात्र राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याने खुल्या यादीचे आकडेही पाहावेत, कारण गुणवत्तेवर ती जागाही त्याची होऊ शकते. कृषि शाखेच्या गुणवत्ता यादीत अधिभाराचे गुणही येत असल्याने तिचे आकडे अभियांत्रिकीच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. तिन्ही वर्षांच्या आकड्यांहून आपला आकडा वर असेल तर आशा बळकट आहे. तिन्हींहून खाली असेल तर दुसरी सोय आजच पाहावी. मध्ये पडत असेल तर 'सांगता येत नाही' हेच खरे उत्तर होय. ते ऐकावयास कोणास आवडत नाही. परंतु पाऊस लांबलेल्या वर्षी जाणता शेतकरीही याहून अधिक सांगत नाही.

अशा वेळी तो काय करतो? हळवे, निमगरवे आणि गरवे असे तिन्ही भात थोडे थोडे लावतो. खाऱ्या तुकड्यात पनवेलची खारप्रतिकारक जात घालतो. पसंतीक्रमाचा अर्जही तसाच भरावा. कठीण वाटणारे महाविद्यालय वर लिहिले तर खालचे हातचे जाते, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. गुणवत्तेनुसार पाळी आली की संगणक यादी वरून खाली वाचतो आणि जेथे प्रथम जागा सापडेल ती देतो. म्हणून क्रम आपल्या इच्छेचा असावा, आशेचा नव्हे. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारणे बंधनकारक ठरते. नको असलेले नाव वर लिहू नये.

सर्वांत वाईट चूक मात्र गुणांत नसते, कागदांत असते. जमीनधारक शेतकऱ्याच्या पाल्यास अधिभार मिळण्यासाठी सातबारा लागतो, आणि आपल्याकडे एकाच सामाईक उताऱ्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतील कित्येक दिवंगतांची, हे नवल नाही. तो कोणाच्या नावे चालतो हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून, वारसनोंदीचा अर्ज उन्हाळ्यातच तलाठ्याकडे द्यावा. आगरी कुटुंबास नॉन-क्रिमीलेअर, कातकरी विद्यार्थ्यास जातवैधता. ही पत्रे नसतील तर प्रवर्गाचा कट-ऑफ पाहून बांधलेला सर्व हिशेब कोसळतो.

शिवाय अर्जाच्या मुदती पडतात त्या नेमक्या आवणीच्या दिवसांत. घरातील सारी माणसे गुडघाभर चिखलात असतात आणि फोन माळ्यावर वाजत राहतो. एकाने तरी तेवढे पंधरा दिवस सकाळ-सायंकाळ संदेश पाहण्याचे काम अंगावर घ्यावे. आवणीला त्याच्याऐवजी एक मजूर अधिक लावला तरी चालेल.