मचूळ पाणी आणि मुतखड्याची भीती

राजस्थानात बाडमेर, नागौरकडे जमिनीखालचे पाणी जड आणि मचूळ. तेच नळाला आले की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. या पाण्याने मुतखडा होतो, असा समज घरोघरी असतो. जडपणा म्हणजे मुख्यत: कॅल्शियम व मॅग्नेशियम, निरोगी माणसाला तो सहसा बाधत नाही. धोका वेगळाच आहे. चव नको म्हणून माणसे पाणी कमी पितात, उन्हात लघवी दाट होते आणि खडा धरतो. तेव्हा माठात गार करून, लिंबू पिळून का होईना, पाणी भरपूर प्यावे.

भ्यायचे ते फ्लोराईडला. ते चवीला कळत नाही, उकळून जात नाही. दातांवर डाग पडतात, पुढे हाडे ताठरतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम चालते. दुसरा स्रोत नसेल तर १.५. म्हणून जिभेवर विसंबू नये, पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि नगरपालिकेने तो आकडा फलकावर लावावा. तिकडे टाक्यात पावसाचे पाणी साठवण्याची जुनी रीत आहे. नळ आला म्हणून ती मोडू नये.

यवतमाळ, चंद्रपूरकडेही फ्लोराईड आढळले आहे. बोअरचे पाणी पिणाऱ्या आपल्या वाचकांनीही तपासणी टाळू नये.