दहा नंबरचे घर

आमचा एक विद्यार्थी मूळचा हट्ट्याचा. सध्या बर्मिंगहॅमला शिकतो. वडिलांनी हळदीच्या पैशावर अन् बँकेच्या कर्जावर त्याला धाडले. परवा ते माझ्याकडे आले, ते कुणा गाववाल्याने फोनवर पाठविलेला फोटो पुढे करीतच. शनिवार-रविवारी चिरंजीव मित्रांसंगे लंडन हिंडून आले होते!

“सर, आम्ही इथं व्याज मोजावं अन् यानं हिंडावं?”

मी फोटो पाहिला. पाठीमागे किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरचे घर. १९२१-२२ साली बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. पोटाला चिमटा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसदिवस वाचीत बसत, हेही मी सांगितले.

गृहस्थ बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “मग हे लपवलं कशापायी?”

बापाच्या घामाच्या पैशाने केलेली चैन पोराला सांगवत नाही. अन् त्याच धाकापायी चांगले केलेलेही लपून राहते. पण हे मी बोललो नाही. एवढेच म्हटले,

“आज फोन करा. व्याजाचं काढू नका. घर कसं होतं, तेवढं विचारा.”